टोमॅटोचे सूप, कष्टाचे चीज

कुटुंबासह हॉटेलात गेले की वेटरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'सूप काय घेणार?' बहुतेक मराठी घरांचे उत्तरही तितकेच ठरलेले असते, 'टोमॅटो सूप, वन बाय टू.' लालभडक, दाटसर, वर क्रीमची रेघ आणि तळलेल्या पावाचे चार तुकडे असलेला हा वाडगा दोघांत वाटून घेतला, की जेवणाला सुरुवात झाली असे समजले जाते. घरी मात्र हेच सूप करायचे म्हटले, की हात पाकिटाकडे वळतो. तव्यावर भाजलेल्या चीज सँडविचचीही तीच गत. मुलांना ते आवडते. पण घरी केले की पाव करपतो आणि आतले चीज थंडच राहते.

वास्तविक या दोन्ही पदार्थांना महागडी सामग्री लागत नाही. ते बिघडतात ते टोमॅटोतील आम्ल, दुधातील प्रथिने आणि तव्याखालची आच या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. त्यांचे गणित समजले, की रात्रीच्या जेवणाचा एक सुटसुटीत बेत हाताशी येतो. शिवाय टोमॅटो स्वस्त असताना त्याची बेगमी करण्याचा मार्गही सापडतो.

एकाच वर्षातील दोन टोके

टोमॅटोच्या भावाची चर्चा दर वर्षी होते; पण २०२३ हे वर्ष अनेकांच्या लक्षात राहिले. त्या वर्षी मे महिन्यात बाजारात भाव न मिळाल्याने नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिल्याच्या बातम्या आल्या. वाहतुकीचा खर्चही सुटत नव्हता. जुलै उजाडला आणि शहरांत तोच टोमॅटो शंभरी ओलांडून काही ठिकाणी दोनशे रुपये किलोच्या घरात गेला. अखेर केंद्र सरकारला १४ जुलैपासून दिल्ली परिसरात ९० रुपये किलो दराने सवलतीचा टोमॅटो विकावा लागला. पुढे हा दर टप्प्याटप्प्याने कमी करत ऑगस्टमध्ये ४० रुपयांपर्यंत खाली आणला गेला.

हे असे का होते? टोमॅटो हे नाशवंत पीक आहे. कांदा चाळीत काही महिने टिकतो, बटाटा शीतगृहात राहतो. पिकलेला टोमॅटो मात्र काही दिवसांत विकावाच लागतो. भाव चांगला मिळाला की पुढच्या हंगामात लागवड वाढते आणि भाव कोसळतो. भाव कोसळला की लागवड कमी होते. त्यातच अति उष्णतेने फुलगळ झाली किंवा पावसाने फळ सडले, तर आवक आटते. पिंपळगाव बसवंत आणि नारायणगावच्या बाजारात ज्या दिवशी क्रेटला भाव नसतो, त्या दिवशी शेतकऱ्याच्या कष्टाचे चीज होत नाही. आवक आटली की फटका शहरातल्या गृहिणीला बसतो. या दोन टोकांमधल्या काळात टोमॅटो साठवायचा कसा, हा प्रश्न म्हणूनच केवळ शेतकऱ्याचा नाही.

जोडी मूळची अमेरिकेतली

टोमॅटो सूप आणि ग्रिल्ड चीज सँडविच ही जोडी अमेरिकी घरांत रुळली ती कारखान्यांमुळे. जॉन डोरन्स या रसायनशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये कॅम्पबेल कंपनीसाठी सूपमधील पाणी कमी करून ते लहान डब्यात भरण्याची पद्धत बसवली. जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये प्रोसेस्ड चीजच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याआधी १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधील वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी असे चीज तयार केले होते. मिसुरी राज्यातील चिलिकोथी गावात ७ जुलै १९२८ रोजी यंत्राने कापलेला पाव पहिल्यांदा विक्रीस आला. डबाबंद सूप, टिकाऊ चीज आणि कापलेला पाव एकत्र आले आणि पुढच्या मंदीच्या दशकात स्वस्तात पोट भरणारे जेवण म्हणून ते घरोघरी पोहोचले.

आपल्याकडे परिस्थिती उलटी आहे. ताजा टोमॅटो वर्षातील बराच काळ दारात येतो. त्यामुळे डब्याची किंवा पाकिटाची मदत न घेता हे सूप करणे आपल्याला अधिक सोपे आहे. टोमॅटोचे सार करणाऱ्या घरांना तर त्यातील निम्मी कृती ठाऊकच असते.

टोमॅटो कोणता घ्यावा?

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकारचे टोमॅटो दिसतात. लांबट, टणक, जाड सालीचा टोमॅटो दूरच्या प्रवासात टिकावा म्हणून पसंत केला जातो. त्यात गर जास्त आणि आंबटपणा कमी असतो. गोल, पातळ सालीचा, ज्याला भाजीवाले गावठी किंवा देशी म्हणतात, तो रसाळ आणि आंबट असतो. सूपसाठी दोन्ही मिसळून घेणे उत्तम. तीन भाग लांबट आणि एक भाग देशी, असे प्रमाण ठेवल्यास दाटपणाही येतो आणि चवही.

टोमॅटो पूर्ण लाल आणि हाताला किंचित मऊ लागणारे असावेत. कच्चट असल्यास कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस ओट्यावरच ठेवावेत. फ्रीजच्या थंडीत टोमॅटोचा सुगंध तयार होण्याची प्रक्रिया मंदावते. पूर्ण पिकल्यानंतर टिकवण्यापुरतेच ते फ्रीजमध्ये ठेवावेत.

अनेक जण बियांभोवतीचा बुळबुळीत रस काढून टाकतात. तो टाकू नये. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, टोमॅटोच्या बाहेरील गरापेक्षा या आतल्या भागात ग्लुटामेट अधिक असते. पदार्थाला भरीव, रेंगाळणारी चव येते ती याच घटकामुळे. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये या चवीला 'उमामी' असे नाव दिले. मुरलेल्या चीजमध्येही ग्लुटामेट भरपूर असते. टोमॅटो आणि चीज एकमेकांना इतके का साजतात, याचे एक उत्तर इथे सापडते.

सूपची कृती

चार माणसांसाठी एक किलो टोमॅटो, एक मध्यम कांदा, एक लहान गाजर, लसणाच्या चार पाकळ्या, दोन मोठे चमचे लोणी, एक तमालपत्र, आठ-दहा मिरे, एक लहान चमचा मीठ आणि तेवढीच साखर घ्यावी.

जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर लोणी वितळवून त्यात चिरलेला कांदा, गाजर आणि लसूण परतावे. कांदा पारदर्शक झाला पाहिजे, तांबूस नव्हे. त्यात तमालपत्र, मिरे, टोमॅटोच्या फोडी आणि मीठ घालून झाकण ठेवावे. मिठामुळे टोमॅटोला लगेच पाणी सुटते. दहा मिनिटांनी झाकण काढून दीड कप पाणी घालावे आणि आणखी पंधरा मिनिटे शिजू द्यावे. घाईच्या वेळी कुकरची एक शिट्टीही चालते; मात्र उघड्या पातेल्यात पाणी आटते आणि कच्चा वास निघून जातो, तो लाभ कुकरमध्ये मिळत नाही.

तमालपत्र काढून मिश्रण कोमट होऊ द्यावे. उकळते मिश्रण मिक्सरमध्ये घालून झाकण लावल्यास वाफेने झाकण उडून हात भाजण्याचा धोका असतो. वाटल्यानंतर ते गाळणीतून गाळावे. होळीनंतर वर्षभर फडताळात पडून राहणारे पुरणयंत्र येथे फार उपयोगी पडते. त्यातून शिजलेले टोमॅटो फिरवले, की गर खाली उतरतो आणि साले-बिया वर राहतात. गाळलेले सूप पुन्हा आचेवर ठेवून एक उकळी आणावी आणि चव पाहून साखर घालावी. साखर सूप गोड करण्यासाठी नसून आंबटपणा बोथट करण्यासाठी असते. गाजराचे कामही तेच आहे.

भांड्याची निवड महत्त्वाची आहे. टोमॅटोतील आम्लाची ॲल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई नसलेल्या पितळेशी क्रिया होते व सुपाला धातूची चव येते. त्यासाठी स्टीलचे पातेले सर्वांत सोयीचे.

क्रीम घातले की सूप का फाटते?

घरच्या सूपची सर्वांत मोठी तक्रार हीच असते. दूध घातले आणि सूपवर पांढऱ्या कण्या तरंगू लागल्या! त्याचे कारण साधे आहे. दुधातील केसिन हे प्रथिन साधारण ४.६ इतका सामू, म्हणजे पीएच, आला की एकत्र येऊन गोठते. टोमॅटोचा सामू सर्वसाधारणपणे याच आकड्याच्या आसपास किंवा त्याखाली असतो. त्यामुळे उकळत्या सुपात दूध ओतणे आणि पनीरसाठी दुधात लिंबू पिळणे यांत फारसा फरक उरत नाही.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, दुधाऐवजी क्रीम किंवा घुसळलेली ताजी साय वापरावी. तिच्यात स्निग्धांश अधिक आणि प्रथिने कमी असल्याने ती सहसा फाटत नाही. दुसरा, गॅस बंद करून आधी थोडे गरम सूप क्रीममध्ये घालून ढवळावे आणि मग ते मिश्रण पातेल्यात ओतावे. त्यानंतर सूप उकळू नये. तिसरा उपाय मराठी स्वयंपाकघराला नवा नाही. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला बेसन लावतो. गरम झालेले पीठ फुगून प्रथिनांच्या कणांमध्ये येते आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. हॉटेलातील क्रीम सूपमध्ये मैदा आणि लोण्याचा व्हाइट सॉस किंवा कॉर्नफ्लोअर घालतात, त्यामागेही हेच तत्त्व असते.

काही जण चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. त्याने आम्ल कमी होते आणि दूध फाटत नाही हे खरे. पण टोमॅटोची चव सपाट होते. क्रीम नकोच असेल, तर अर्धा उकडलेला बटाटा किंवा पावाची एक स्लाइस टोमॅटोबरोबर वाटल्यास सूप आपोआप दाट होते.

शिजवताना टोमॅटोतील क जीवनसत्त्व काही प्रमाणात नष्ट होते. मात्र त्याला लाल रंग देणारे लायकोपीन शिजवल्यावर आणि सोबत स्निग्ध पदार्थ असल्यावर शरीरात अधिक चांगले शोषले जाते. तेव्हा लोण्याचा चमचा अगदीच वगळू नये. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी मात्र रात्री उशिरा हे सूप टाळणेच बरे.

चीज वितळते, पनीर का नाही?

पनीर तव्यावर भाजले तर तांबूस होते. पण वितळत नाही. पनीर करताना तापलेल्या दुधात आम्ल घातले जाते. त्यामुळे प्रथिनांना जोडून ठेवणारे कॅल्शियम निघून जाते आणि प्रथिनांचे घट्ट जाळे तयार होते. चेडारसारखे चीज विरजण आणि रेनेट या विकरामुळे गोठते. त्यात कॅल्शियम बऱ्याच अंशी टिकून राहते, जाळे लवचीक असते आणि उष्णता मिळताच ते सैल होऊन वाहू लागते. आच जास्त झाली तर मात्र हेच जाळे आकसते आणि तूप वेगळे होते.

आपल्याकडे क्यूब, स्लाइस किंवा डब्याच्या रूपात मिळणारे बहुतेक चीज प्रोसेस्ड असते. तयार चीज किसून त्यात सोडियम सायट्रेट किंवा सोडियम फॉस्फेटसारखे क्षार घालून ते वितळवले जाते. या क्षारांमुळे पाणी आणि स्निग्धांश एकमेकांना धरून राहतात आणि चीज तेल न सोडता एकसारखे वितळते. सँडविचसाठी ते सोयीचे आहे. पण त्याची चव सौम्य असते. त्यामुळे दोन भाग प्रोसेस्ड आणि एक भाग चेडार किसून एकत्र केल्यास वितळणे आणि चव दोन्ही साधते. शाकाहारी ग्राहकांनी, विशेषतः आयात केलेले चीज घेताना, वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहावा. कारण पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून मिळवले जाते.

तव्यावरचे सँडविच

एका सँडविचला दोन स्लाइस, दीड ते दोन क्यूब किसलेले चीज आणि दोन लहान चमचे मऊ लोणी पुरते. पाव अगदी ताजा नसावा. आदल्या दिवशीचा, किंचित सुकलेला पाव अधिक कुरकुरीत होतो. चीज अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढावे, कारण थंडगार चीज वितळेपर्यंत पाव करपून जातो.

लोणी तव्यावर न घालता पावाच्या बाहेरील बाजूला कडेपर्यंत पातळ लावावे. तवा मंद आचेवर तापवून सँडविच ठेवावे आणि झाकण घालावे. झाकणाखालच्या उष्णतेने चीज वरूनही तापते. तीन-चार मिनिटांनी उलटून झाकण काढावे आणि दुसरी बाजू भाजावी. पावाचा तांबूस रंग आणि खमंग वास येण्यासाठी पृष्ठभाग सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे तापावा लागतो, तर चीज त्याच्या निम्म्याहून कमी तापमानाला मऊ होऊ लागते. ही उष्णता पावातून आत पोहोचायला वेळ लागतो. मोठ्या आचेवर तो वेळच मिळत नाही. सँडविच बिघडण्याचे कारण बहुतेकदा एवढेच असते.

भाजलेले सँडविच लगेच ताटलीत ठेवल्यास खालची बाजू वाफेने मऊ पडते. मिनिटभर जाळीवर ठेवून मग कापावे. मुंबईच्या फुटपाथवरील सँडविचवाल्यांकडूनही एक धडा घेण्यासारखा आहे. ते पावाला आधी लोणी आणि त्यावर हिरवी चटणी लावतात. लोण्याच्या थरामुळे चटणीचे पाणी पावात मुरत नाही. घरच्या सँडविचमध्ये चटणी हवी असेल तर आतल्या बाजूलाही लोण्याचा हात फिरवावा. टोमॅटोच्या चकत्या मात्र आत घालू नयेत. सोबत सूप आहेच.

वेष्टनावरची बारीक अक्षरे

पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असते. त्यामुळे सूपच्या पाकिटावर टोमॅटो पावडर कितव्या क्रमांकावर आहे आणि तिच्या आधी साखर, मैदा किंवा कॉर्नफ्लोअर येते का, हे पाहिले की आत काय आहे याचा अंदाज येतो. चीजच्या वेष्टनावर दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल लिहिलेले असेल, तर ते चीजसारखे दिसणारे वेगळे उत्पादन आहे असे समजावे.

मिठाकडेही लक्ष हवे. प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. चीज, पाव आणि खारवलेले लोणी या तिन्हींत मीठ असतेच. म्हणून सुपात मीठ हात राखून घालावे आणि शक्यतो घरचे लोणी वापरावे. घरी केलेल्या सूपचा खरा फायदा हाच, की मिठाचा चमचा आपल्या हातात राहतो.

स्वस्ताईतली बेगमी

आता पुन्हा भावाकडे. टोमॅटो स्वस्त असताना पाच किलो आणून त्यांचा गर करून ठेवता येतो. टोमॅटो पाणी न घालता शिजवून, पुरणयंत्रातून काढून, रस निम्मा होईपर्यंत आटवावा. साधारण दोन लिटर दाट गर मिळतो. तो पूर्ण थंड करून एकेका वेळेला लागेल एवढा लहान डब्यांत किंवा झिपच्या पिशव्यांत भरावा आणि फ्रीझरमध्ये ठेवावा. गोठताना रस फुगतो, म्हणून डबा काठोकाठ भरू नये. चार-सहा महिने हा गर चांगला राहतो. दूध, क्रीम किंवा लोणी त्यात आधी घालू नये, आणि एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवू नये.

गर बाटलीत भरून फडताळात ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. बॉट्युलिझम या घातक विषबाधेला कारण ठरणारे जंतू ४.६ पेक्षा अधिक सामू असलेल्या, हवाबंद पदार्थात वाढू शकतात. टोमॅटो या सीमारेषेवरच असतो. कारखान्यांत सामू मोजून आणि ठरावीक तापमान देऊन बाटल्या भरल्या जातात. घरी अंदाजाने ते करणे धोक्याचे आहे.

घरच्या फ्रीझरमुळे शेतकऱ्याला भाव मिळेल, असा दावा कोणी करणार नाही. त्यासाठी शीतसाखळी, प्रक्रिया उद्योग आणि प्रक्रियेला योग्य, घन अंश जास्त असलेले वाण लागतात. केंद्राने २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा आणि बटाट्यासाठी ५०० कोटी रुपयांची 'ऑपरेशन ग्रीन्स' योजना जाहीर केली, ती याच हेतूने. तरीही २०२३ मध्ये दोन्ही टोके पाहावी लागली.

घराच्या पातळीवर मात्र हिशेब सरळ आहे. टोमॅटो महाग झाला की फ्रीझरमधील एक डबा काढायचा, परतलेल्या कांदा-लसणात तो पाण्यासह उकळायचा आणि वीस मिनिटांत सूप तयार. सूप आधी करून झाकून ठेवावे आणि सँडविच सर्वांत शेवटी, मंडळी पानावर बसल्यावर भाजावे. सूप पुन्हा गरम करता येते. सँडविचला मात्र थांबवून ठेवता येत नाही.